जुन्या मोटारसायकलीचा हरवलेला दम

हुबळीत नृपतुंग बेट्टा नावाची एक टेकडी आहे. तिच्या माथ्यापर्यंत रस्ता जातो. ज्या घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची जावा वा येझदी अजून जपून ठेवलेली आहे, त्या घरातील माणसाला या चढणीचा एक विशेष उपयोग करता येतो. गेल्या वर्षी जी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता वर गेली, ती यंदा अर्ध्या वाटेवर दुसरा गिअर मागू लागली, तर तिचा दम कोठे तरी हरवला आहे हे सांगायला दुसऱ्या कोणत्याही उपकरणाची गरज नाही. मग गाडी गॅरेजात जाते. मिस्त्री दोन मिनिटे इंजिनाचा आवाज ऐकतो, मान हलवतो, आणि त्याचा स्क्रू-ड्रायव्हर सर्वांत आधी कार्बोरेटरला लागतो. चूक बहुधा येथेच होते.

या भागात जुनी मोटारसायकल म्हटली की ती पुष्कळदा म्हैसूरची असते. १९६१ साली रुस्तम इराणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हैसुरात ‘आयडियल जावा’ हा कारखाना सुरू केला. उद्‍घाटन त्या वेळचे म्हैसूर राज्याचे राज्यपाल जयचामराजेंद्र वाडियार यांच्या हस्ते झाले होते. जावा हे नाव चेकोस्लोव्हाकियाचे. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ साली ‘वाँडरर’ या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलीचा आराखडा घेतला आणि आपल्या व त्या कंपनीच्या नावांची पहिली अक्षरे जोडून हे नाव तयार केले. म्हैसूरच्या गाडीला पुढे सत्तरच्या दशकात येझदी हे नाव मिळाले. अडीचशे सी.सी.चे दोन-फटक्यांचे इंजिन, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन, आणि किक मारण्याचा व गिअर बदलण्याचा दांडा एकच, अशी ही विलक्षण रचना. १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावे पुन्हा बाजारात आली, परंतु ती चार फटक्यांच्या नव्या यंत्रांवर. त्यांत कार्बोरेटरच नाही. तेव्हा येथे जे सांगायचे आहे ते म्हैसूरच्या जुन्या गाड्यांविषयी.

दम गेला असे म्हणण्यापूर्वी मुळात तो किती होता याचा हिशेब करावा. हुबळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे आणि धारवाड त्याहून चढ, ७०० मीटरांच्या पुढे. या उंचीवर हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सहा ते सात टक्के विरळ असते. इंजिनाची शक्ती पेट्रोलात असते असा आपला समज असतो. वस्तुतः एक लिटर पेट्रोल नीट जळण्यासाठी समुद्रसपाटीवरची सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते, आणि सिलिंडरमध्ये जेवढी हवा शिरेल तेवढेच पेट्रोल उपयोगी पडते. हवाच विरळ असल्यावर मुंबईत बारा अश्वशक्ती देणारे यंत्र धारवाडात सव्वाअकरा देईल. मुंबईच्या भाच्याने आपल्या गाडीच्या वेगाची बढाई मारली म्हणून धारवाडच्या मामाने कार्बोरेटर उघडायला घेऊ नये. ती पाऊण अश्वशक्ती हरवलेली नाही. ती येथे कधी नव्हतीच.

याउपर जी शक्ती खरोखर गेली आहे तिचा शोध कोठून करावा? सर्वांत आधी इंजिनाच्या बाहेर. मागील चाक मोकळे फिरते की ब्रेक घासतो, झाकलेल्या चेनकेसात साखळी कोरडी पडली आहे काय, क्लच घसरतो काय, हे पाहायला अर्धा तास लागतो आणि खर्च काहीच येत नाही. चढणीवर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरत नाही, ही क्लचची खूण. इंजिनाचा आवाजच दबून येतो, ही इंजिनाची खूण. एवढा भेद कानाने कळतो आणि तरीही तो न करता शेकडो रुपयांचे जेट बदलले जातात.

त्यानंतर सायलेन्सर. दोन-फटक्यांच्या इंजिनात तेल पेट्रोलात मिसळूनच जाते आणि जळलेल्या तेलाची काजळी निघण्याच्या वाटेवर बसते. माणसाचे नाक चोंदले की छातीत दोष नसतानाही धाप लागते, तसा हा प्रकार आहे. जळालेला वायू बाहेर पडला नाही, तर ताजी हवा आत येण्यास जागाच उरत नाही. जावाच्या सायलेन्सरच्या आतली नळी शेपटाकडून काढता येते. ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवून काजळी सोडवावी, मात्र हातमोजे व चष्मा घालून. हेच द्रावण ॲल्युमिनियमच्या पिस्टनला किंवा हेडला लागता कामा नये, कारण ते धातूच खाऊन टाकते. सिलिंडरच्या निकासद्वारावरची काजळी पिस्टन अगदी खाली नेऊन, लाकडी पट्टीने हलकेच खरवडावी. लोखंडी पट्टीची घाई बोअरवर ओरखडा उठवते आणि ओरखडा पुन्हा भरून येत नाही. वर्षानुवर्षे न उघडलेला सायलेन्सर साफ झाल्यावर नृपतुंग बेट्टा पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये चढता येऊ लागला, आणि कार्बोरेटरला हातही लागला नाही, असे अनेकदा घडते.

तिसरी पायरी ठिणगीची. पॉइंटची टोके झिजली की त्यांच्यातील अंतर बदलते आणि अंतर बदलले की ठिणगीची वेळही सरकते. ठिणगी उशिरा पडली तर इंजिन तापते, सायलेन्सर जास्त गरम होतो आणि गाडी मंद होते. फार लवकर पडली तर चढणीवर धातूवर खडे पडावेत असा आवाज येतो. ही वेळ अंदाजाने लावायची नसते. प्लगच्या भोकातून मापक आत सोडून, पिस्टन माथ्यापासून किती मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडतात हे मोजायचे असते. आकडा त्या त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि मॉडेलागणिक तो वेगळा असतो.

चौथी पायरी दोन-फटक्यांच्या इंजिनात फार महत्त्वाची, आणि सर्वांत दुर्लक्षित. या इंजिनात पिस्टनखालची क्रँकची पेटी पंपाचे काम करते. पिस्टन वर जाताना ती कार्बोरेटरातून हवा-पेट्रोलाचे मिश्रण ओढते आणि पिस्टन खाली येताना ते सिलिंडरमध्ये ढकलते. या पेटीच्या दोन्ही बाजूंना क्रँकवर रबराची ऑइल सील बसवलेली असतात. वीस-तीस वर्षांनी रबर कडक होते आणि पंपाला भोक पडते. डायनमोकडील सील गेले तर बाहेरची कोरडी हवा आत शिरते. इंजिन एका जागी मंद चालत नाही, रेस सोडल्यावरही आवाज चढलेलाच राहतो. क्लचकडील सील गेले तर गिअरपेटीतले तेल ओढले जाते, पांढरा धूर सुटतो आणि तेलाची पातळी गुपचूप उतरते. या दोन्ही लक्षणांना कार्बोरेटर बिघडला असे म्हटले जाते, आणि बिचारा कार्बोरेटर दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा भोगतो. रिंगा आणि बोअर झिजले असतील तर किक मारताना पायाला नेहमीचा अडथळा लागत नाही. त्याला उपाय बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालणे. हुबळी हे रेल्वेच्या वर्कशॉपचे गाव. गोकुळ रोडची औद्योगिक वसाहतही येथलीच. लेथवर शतांश मिलिमीटरची शिस्त पाळणारे हात या शहरात दुर्मिळ नाहीत.

एवढे सगळे ठीक ठरल्यावरच कार्बोरेटर हाती घ्यावा.

त्याचे तत्त्व जुने आहे. नळी मध्ये अरुंद केली की तेथे प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे इटलीतील धर्मगुरू आणि पदार्थशास्त्रज्ञ जिओव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी (१७४६–१८२२) यांनी प्रयोगांनी दाखवले. अशा अरुंद जागी एक बारीक छिद्र ठेवले की कमी दाबामुळे पेट्रोल आपोआप वर ओढले जाते व त्याचे तुषार होतात. विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ च्या सुमारास या तत्त्वावरचा तुषार-कार्बोरेटर इंजिनाला जोडला. जावावरचा जिकॉव्ह असो वा नंतरच्या गाड्यांवरचा दुसरा कोणता असो, मूळ गोष्ट हीच. एका किलो पेट्रोलास सुमारे पावणेपंधरा किलो हवा हे शास्त्रशुद्ध प्रमाण. पूर्ण शक्ती हवी तेव्हा पेट्रोल त्याहून थोडे जास्त लागते.

पण एकच छिद्र सर्व वेगांना पुरत नाही. म्हणून कार्बोरेटरमध्ये जणू चार कारकून पाळीपाळीने काम करतात. मूठ जवळजवळ बंद असते तेव्हा, म्हणजे पहिल्या एक-अष्टमांशापर्यंत, पायलट जेट आणि त्याचा स्क्रू कारभार पाहतात. तेथून पावपर्यंत हवा अडवणाऱ्या स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरपा काप महत्त्वाचा. पाव ते पाऊण या दरम्यान स्लाइडला लोंबणारी निमुळती सुई प्रमाण ठरवते, आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. हे ध्यानात आले की निम्मे काम झाले. मुठीवर कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कराव्या आणि गाडी कोणत्या खुणेवर अडखळते ते पाहावे. अर्ध्या खुणेवर अडखळणाऱ्या गाडीचा पायलट स्क्रू फिरवणे म्हणजे गुडघा दुखत असताना कोपराला लेप लावणे होय.

क्रम असा ठेवावा. प्रथम फ्लोट. जुन्या पितळी फ्लोटला सूक्ष्म चीर पडली की आत पेट्रोल जाते आणि तो जड होतो. कानाशी धरून हलवला तर आतले पेट्रोल ऐकू येते. गरम पाण्यात बुडवला तर चिरेतून बुडबुडे निघतात. पेट्रोल संपूर्ण निघाल्याशिवाय त्याला डाख देऊ नये, कारण आतील वाफ पेट घेऊ शकते. फ्लोटची पातळी चुकलेली असेल तर पुढचे चारही कारकून खोट्या वजनकाट्यावर माल मोजत राहतात. मग जेट. ते पेट्रोलात धुवून हवेने फुंकावेत, तार कधीही घालू नये. छिद्राच्या कडेला तारेचा ओरखडा पडला की त्याच्यावर कोरलेला आकडा खोटा होतो. नंतर सुई आणि ती ज्या नळीत चालते ती नळी. या दोन्ही वर्षानुवर्षे एकमेकींवर घासतात, नळीचे तोंड लंबगोल होते, आणि गाडी मधल्या वेगात धूर ओकू लागते व पेट्रोल जास्त खाते. येथे सुईची खाच बदलून भागत नाही. दोन्ही भाग नवे घालावे लागतात. शेवटी स्लाइड. ती आपल्या घरात खडखडत असेल तर कडेने हवा शिरते आणि गाडी कधीही एका जागी शांत चालत नाही.

पायलटचा स्क्रू फिरवण्यापूर्वी तो कोठे बसला आहे ते पाहावे. स्लाइडच्या मागे, हवेच्या गाळणीकडे असेल तर तो हवेचा स्क्रू. तो बाहेर काढला की मिश्रण कोरडे, म्हणजे पेट्रोल कमी, होते. स्लाइडच्या पुढे, इंजिनाकडे असेल तर तो पेट्रोलचा, आणि तो बाहेर काढला की मिश्रण ओले होते. हा भेद न ओळखता केलेले सेटिंग नेमके उलटे पडते. इंजिन पुरते तापवून, स्क्रू हळूहळू फिरवत, ज्या जागी आवाज सर्वांत वर चढतो ती जागा शोधावी आणि मग स्लाइडच्या स्क्रूने वेग खाली आणावा. सुईची चकती खालच्या खाचेत घातली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण ओले होते, वरच्या खाचेत घातली की कोरडे.

मेन जेटची परीक्षा पूर्ण मूठ उघडूनच होते. त्यासाठी महामार्गावर भरधाव जाण्याची गरज नाही. मेन जेटला मुठीशी कर्तव्य, वेगाशी नव्हे. रहदारी नसलेल्या चढणीवर, पहाटे, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पूर्ण उघडून गाडी वर न्यावी, माथ्याशी एकदम क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. काळा आणि ओलसर म्हणजे पेट्रोल जास्त. कॉफीसारखा तपकिरी म्हणजे ठीक. खडूसारखा पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, आणि हा रंग धोक्याचा. पेट्रोल कमी झाले म्हणजे तेलही कमी झाले, कारण या गाडीत तेल पेट्रोलाबरोबरच येते. तापलेला पिस्टन फुगतो, तेलाचा पापुद्रा तुटतो, आणि इंजिन धरते. मागचे चाक जागच्या जागी थांबते. स्वार अनुभवी असेल तर क्लच दाबून वाचतो.

हा धोका आजकाल दोन दिशांनी वाढला आहे. पहिली दिशा पी.यू.सी.ची. २००० सालापूर्वीच्या दुचाकींना एका जागी चालू ठेवून केलेल्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आत ठेवावे लागते. जुनी गाडी नापास होऊ लागली की पायलट स्क्रू कोरडा करून कागद मिळवला जातो. चाचणी मंद चालीची असल्याने ती पायलटच्या करामतीने साधते खरी, परंतु तोच स्क्रू तसाच ठेवून गाडी घाटात नेली जाते. उतारावर मूठ बंद असते, चाके मात्र इंजिनाला वेगाने फिरवत असतात, आणि त्या वेळी इंजिनाला जे काही तेल मिळते ते केवळ पायलटमधून. प्रामाणिक उपाय मंद चालीचे प्रमाण नीट लावणे, तेलाचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणे ठेवणे आणि झिजलेली सुई-नळी बदलणे हाच.

दुसरी दिशा पेट्रोलाची. २०२५ साली आपल्या देशातील पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असल्याने त्याच्या एका किलोस नऊ किलोच हवा पुरते. म्हणून वीस टक्क्यांच्या मिश्रणास सुमारे साडेतेरा पट हवा हवी, आणि पावणेपंधरा पट हवेच्या हिशेबाने बसवलेले जुने जेट ते मिश्रण सात-आठ टक्के कमी पुरवतात. जेटावरील आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगत असेल, तर शंभराच्या जागी साधारण एकशे चार हा उतारा होतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, जुने रबर मऊ करते आणि पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरवते. धारवाडच्या पावसात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलची चावी बंद करून, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवून कार्बोरेटर रिकामा करावा. जुन्या लोकांची ही रोजची सवय होती.

येथेच एका गोड गैरसमजाचा उल्लेख करायला हवा. इंजिन धरू नये म्हणून कित्येक जण पेट्रोलात मूठभर तेल जास्त ओततात. पण जेटातून जाणाऱ्या द्रवात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलाचा वाटा घटतो. मिश्रण आणखी कोरडे होते. सुरक्षिततेसाठी केलेली कृती धोका वाढवते आणि वर सायलेन्सर चोंदवते.

दोन कार्बोरेटरांच्या गाडीची कथा थोडी निराळी. एस्कॉर्ट्‌स कंपनीने १९८३ पासून काही वर्षे यामाहाच्या साहाय्याने काढलेली राजदूत ३५० ही दोन सिलिंडरांची गाडी, आणि तिला प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कार्बोरेटर. तेथे वर सांगितलेले सारे दोनदा करावे लागते. त्याखेरीज दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात काय हे पाहावे लागते. सारख्या जाडीच्या दोन ड्रिल-कांड्या दोन्ही स्लाइडखाली ठेवून मूठ हळू फिरवावी. दोन्ही एकदम सैल झाल्या तर केबली जुळल्या. एक आधी पडली तर एक बैल ओढतो आहे आणि दुसरा नुसता जू वाहतो आहे.

पन्नास वर्षे पुरी झालेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ नोंदणी सुरू केली. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नवी नोंदणी वीस हजार रुपयांची, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. जो अजून जावावरून बाजारहाट करतो त्याने ही वाट धरू नये. त्याला साध्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल. वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलीस त्यासाठी २०२५ पासून दोन हजार रुपये पडतात.

आणि ज्याला धारवाडहून अळणावर-रामनगरमार्गे अनमोड घाट उतरून गोव्यास जायचे आहे, त्याने निघण्यापूर्वी आणखी एक हिशेब करावा. धारवाडच्या विरळ हवेत नेमके बसवलेले प्रमाण समुद्रकाठच्या दाट हवेत सुमारे तीन टक्क्यांनी कोरडे पडते. एकटे तीन टक्के कोणालाही बाधणार नाहीत. पण इथेनॉलसाठी जेट बदललेले नसतील तर ते सात-आठांत मिळून दहाच्या पुढे जातात, आणि घाटाच्या लांब उतारावर मूठ बंद ठेवून तापलेल्या इंजिनाला पुढे फोंड्याच्या वाटेवर लगेच पूर्ण मुठीने पिटाळले जाते. म्हणून मेन जेट एका आकड्याने मोठे आणि सुई एका खाचेने वर घेऊन निघावे, उतारावर दर काही मिनिटांनी क्लच दाबून मूठ क्षणभर उघडावी म्हणजे इंजिनाला तेलाचा घोट मिळतो, आणि मोल्यास पोचल्यावर चहा होईपर्यंत प्लग काढून पाहावा. परतताना घाट चढून आल्यावर गाडी किंचित धूर सोडील. ते बदल घरी येऊन निवांतपणे मागे घेता येतात.